अलोइसच्या विमानाची तीन अक्षरं

त्या जानेवारीत थंडी अशी पडली होती की बादलीचं कडं तळहाताला चिकटायचं. उजाडता उजाडता बोहुमिरनं डुकराच्या कपाळात घण घातला, गळ्यात सुरी मुठीपर्यंत खुपसली आणि वाफाळतं रक्त माझ्या बादलीत सोडलं. बोहुमिरची आई थकल्यापासून शेजारीण म्हणून रक्त ढवळायचं काम दरसाल माझंच. हात थांबला की गोठलंच, मग सॉसेजं कशाची भरणार?

बोहुमिर आमच्या मोराव्हियन गावचा खाटीक. मान बैलासारखी, पण त्याच हातांनी प्लॅस्टिकची विमानं जोडायचा. चिमट्यात तांदळाएवढा भाग धरला की श्वास रोखायचा. यंदाचं विमान थोरल्या भावाचं, अलोइसचं. तो महायुद्धात इंग्रजांच्या बाजूनं स्पिटफायर ह्या लढाऊ विमानातून लढला, आणि परतल्यावर आपल्याच कम्युनिस्ट सरकारनं फितूर ठरवून त्याला तुरुंगात मारून मारून संपवला. थडगं नाही, नाव काढायची सोय नाही. बोहुमिरनं त्याच्या विमानावरची ओळखीची तीन अक्षरं छोट्या विमानाच्या कुशीवर हातानं रंगवली होती. मंडळाच्या रविवारच्या प्रदर्शनात गावानं ती बघावीत, एवढंच त्याला हवं होतं.

केस सुटावेत म्हणून डुक्कर कढत पाण्याच्या कुंडात होतं, तेवढ्यात अशी छोटी विमानं जोडणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष लुबोर सूप प्यायला म्हणून आला. स्वयंपाकघरात शिरला तो विमान हातात घेऊनच बाहेर. दुसऱ्याच्या विमानाला ही माणसं बोटसुद्धा लावत नाहीत.

"ठेव ते," बोहुमिर म्हणाला.

"अक्षरं काढ. ही कुणाची, ते वर कळलं तर मला आत टाकतील."

"ठेव म्हणतो ना!"

"अरे, ओलीच आहेत की! असल्या गारठ्यात रंग वाळतो होय रे, खाटका? थांब, मीच उरकतो."

आणि त्यानं अंगठा घासला. तीन अक्षरांचा एक राखाडी फराटा झाला.

पहिल्या ठोशात लुबोरचं नाक फुटलं, दुसऱ्यात दोन दात बर्फावर पडले. तिसऱ्याला तो वाकला, तर बोहुमिरची मूठ डुक्कर टांगायच्या खांबावर बसली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. विमान खाली पडलं, त्याच्या पंखावर लुबोरचा बूट पडला. बोहुमिरनं डाव्या हातानं त्याची मानगूट धरली आणि तोंड कुंडातल्या वाफेवर दाबलं.

"नाव घे त्याचं! घे, नाहीतर तुझीपण साल काढतो!"

"अलोइस!" लुबोर किंचाळला. "अलोइस! सोड रे, सोड!"

अख्ख्या आळीनं ऐकलं. वीस वर्षांत ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मी ढवळतच राहिले, दुसरं काय करणार?

"रविवारी तुला जागा नाही!" कुंपणापलीकडून रक्त थुंकत लुबोर ओरडला.

"येणार मी!"

बोहुमिरनं विमान उचललं. उजवी मूठ सुजून पावाएवढी झाली होती.

"पंख चिकटेल," मी म्हटलं.

"पंख चिकटेल गं. पण ह्या हातानं ब्रश धरवेल का? अक्षरं गेली." त्यानं विमान खिडकीत ठेवलं आणि कुंडात बोट बुडवलं. "पाणी निवलं, व्लास्ता. केस निघायचे नाहीत. कढत आण आणखी."

मी बादली त्याच्या आईकडे दिली आणि पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा तो श्वास रोखून डाव्या हातानं डुकराचा कान खरवडत होता.