अडून बसलेले तीन किलो

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आम्ही सिल्वासात होतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, जिकडेतिकडे सुताच्या फॅक्टऱ्या उभ्या राहत होत्या आणि आमचे हे त्यातल्याच एकीत शिफ्ट सुपरवायझर होते. भावाला त्यांनीच जळगावहून बोलावून दादऱ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटवला. राहायला आमच्याकडेच. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केली होती, आणि बघत बसलो हॉस्पिटलं.

वडील नव्हते, आईला साखर. किडनी द्यायला जुळलं ते माझं. मी म्हटलं, घ्या, त्यात विचारायचं काय! मुंबईच्या डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आधी वजन. पासष्टच्या खाली या, म्हणजे ब्लडप्रेशरही उतरेल. मग ऑपरेशन." मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर. खानदेशची बाई मी, वर तेलाचा तवंग दिसला नाही तर त्या भाजीला आम्ही भाजी म्हणत नाही.

पण भाऊ म्हटल्यावर काय! तेल तोडलं, साखर तोडली, भात तोडला. रोज सकाळी दमणगंगेच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायचं. रात्रपाळी सुटलेले कामगार सायकलवरून जाताना वळून बघायचे. साडी नेसून तरातरा चालणारी बाई घरातून भांडून निघाली असावी असंच त्यांना वाटत असणार. वाटू दे. वजन उतरत होतं. अठ्ठ्याहत्तरचं सत्तर झालं, सत्तरचं अडुसष्ट झालं, आणि तिथे जे अडून बसलं ते बसलंच.

डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा त्याला घेऊन वापीहून मुंबईची गाडी धरायची. वापीच्या फलाटावर वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे, चकती फिरायची आणि खट्ट करून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य दर वेळी नवं, वजन तेच. एकदा आलं, लवकरच शुभवार्ता मिळेल. उलटून पाहिलं तर अडुसष्ट! असा संताप आला की ते तिकीट मी रुळांवर भिरकावलं. तो बाकावर बसून बघत होता. हाताला सुया टोचून टोचून गाठी आलेल्या, तोंड राखेसारखं. तो सुकत चालला होता आणि मी आपली तश्शीच. माझ्या या तीन किलोंपायी हा जातो की काय, हा विचार दाढदुखीसारखा ठणकत राहायचा. चपाती लाटतानाही ठणकायचा.

जिवाला घोर लागला की आमच्यात बाई काय करते? उपवास धरते. सोमवार तर मी पहिल्याच दिवशी बोलले होते. गडावरच्या देवीआईला म्हटलं, याला उभा कर, मी सोमवार करीन. वजन अडल्यावर गुरुवार धरला. मग शनिवार. संकष्टी आणि एकादशी होत्याच. एका दगडात दोन पक्षी, देवीही पावेल आणि वजनही हलेल. वजन ढिम्म!

डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, आठवड्यातले तीन-चार दिवस तर मी खातच नाही." खोटं नव्हते बोलत. उपवास आहे म्हणजे जेवण नाही, हेच तर लहानपणापासून ऐकलेलं. डॉक्टर दक्षिणेकडचे. ते बिचारे घाबरलेच. "इतकं उपाशी राहू नका. शरीर धास्तावतं, मग वजन सोडत नाही. त्या दिवशीही थोडं काही खात जा." मी आज्ञाधारक. राजगिऱ्याचे दोन लाडू वाढवले. शेजारची गुजराती बेन तर उपवासाला माझ्याहून तयार. बटाट्याची सुकी भाजी, फराळी चिवडा, वाटी भरभरून आणायची आणि म्हणायची, "फराळी छे, चालशे." चालायचंच.

पुढच्या वेळी मशीनने एकोणसत्तर दाखवलं. तिकीट त्याला न दाखवताच मी पिशवीत कोंबलं.

त्यानंतरचा सोमवार. हे ड्युटीवर, पोरगी शाळेत. आम्ही दोघं जेवायला बसलो. त्याच्या ताटात बिनमिठाचा भात आणि दोनदा उकळून पाणी फेकलेला दुधी. माझ्या ताटात भगर, वर दाण्याची आमटी, बाजूला रताळ्याचा कीस. त्याने घास उचलला आणि परत ठेवला.

"ताई, तुला द्यायची नसेल तर नको देऊ."

"काय?"

"किडनी. भीती वाटत असेल तर सरळ सांग. मी समजून घेईन. पण अशी उपवासाच्या आड लपू नकोस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मेल्या, कोणासाठी करतेय मी उपवास? लाज नाही वाटत?"

"सकाळी साबुदाण्याची खिचडी," तो शांतपणे म्हणाला, "वर दही. मग दूध-केळं. मग बेननं आणलेला चिवडा. आता हे. संध्याकाळी लाडू आणि खजूर. बुधवारी एक भाकरी नि पालेभाजी खाऊन उठतेस, मग सोमवारी एवढं कसं खातेस? मला वाटलं, तुला कळतंय. कळून खातेस. नाही म्हणवत नाही म्हणून."

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आम्ही दुसऱ्याला चिडवायला म्हणतो. आपल्या ताटाकडे बघून कोण म्हणतं? उपवासाचं ते देवाचं, ते कुठे अंगाला लागतं! शरम तर वाटलीच, पण लागलं ते वेगळंच. इतके दिवस हा मुलगा माझ्यासमोर बसून तो पांचट भात गिळत होता आणि मनात धरून होता, की बहीण आपल्याला मरू देणार आहे.

भीती? होती ना. फाडून काढणार म्हटल्यावर कोणाला नसते? माझी पोर दुसरीत होती, माझं काही झालं तर तिची वेणी कोण घालणार, इथपर्यंत मन जायचं. पण देणार नाही हे कधी मनाला शिवलं नव्हतं. ते त्याला कसं पटवायचं? एकच रस्ता होता आणि त्याची मला सुरीपेक्षा जास्त धास्ती. नवस मोडायचा. मोडला आणि देवीनं राग याच्यावर काढला तर? मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि भांडल्यासारखी म्हणाले, "आई, काय काढायचा तो राग माझ्यावर काढ. त्याला हात लावायचा नाही."

पुढच्या सोमवारी ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथी घेतली. हात उचलेना. त्याने माझ्या ताटातला तुकडा मोडला, भाजी लावली आणि माझ्या तोंडापुढे धरला. "माझ्यासाठी धरलेला ना? मग माझ्याच हातानं सोड." मी खाल्लं.

आणि त्याच आठवड्यात त्याला सणकून ताप भरला. माय माय माय! हुडहुडी अशी की खाट हलत होती. मी केलं, मीच केलं, एवढंच मला ऐकू येत होतं. गोधडीतून त्याचा बारीक आवाज आला, "खबरदार साबुदाणा भिजवलास तर." मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला होता. तसाच बंद केला. ताप उतरेपर्यंत मी जिवंत होते की नव्हते, मला माहीत नाही.

वजन लगेच पळालं असं नाही. आधी सदुसष्ट, मग तिथेच रेंगाळलं, मग सहासष्ट, परत सदुसष्ट. पण हललं. हॉस्पिटलच्या काट्यावर चौसष्टवर काटा थांबला तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, "पुन्हा बघा." त्यांनी पुन्हा बघितलं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हाला शेजारी शेजारी ढकलगाड्यांवर निजवलं. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. माझी जीभ टाळूला चिकटलेली. मला आधी आत नेणार होते. त्याने मान वळवली.

"ताई."

"काय रे?"

"आज खरा उपवास घडला बघ तुला."

मी हसले, आणि हसता हसता रडूच कोसळलं. वॉर्डबॉय गाडी ढकलायचा थांबला नि म्हणाला, "मावशी, रडू नका, बीपी वाढेल, मग परत पाठवतील." मी पदराऐवजी हॉस्पिटलच्या त्या हिरव्या झग्याने डोळे कोरडे केले आणि म्हटलं, "चल, चल लवकर."