मधल्या खोलीतला कापूस

त्या साली आमच्या घरात माणसांना जागा नव्हती. घर लहान होतं म्हणून नाही. अमरावतीपासून दोन-तीन कोसांवरचं आमचं गाव, आणि गावात आमचं घर चांगलं ऐसपैस. पुढे ओसरी, मग माजघर, त्याला लागून मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर माळा. पण दिवाळीनंतर या सगळ्या घरात कापूस राहत होता आणि आम्ही ओसरीत, अंगणात, गोठ्यात, जिथे अंग टाकायला मिळेल तिथे. इतकी वर्षं झाली तरी ते साल आठवलं की माझं डोकं तापतं.

झालं असं की आदल्या सालीच बाबांचं चित्त ठिकाणावरून गेलं. सात समुद्रांपलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कुणी बापजन्मी ऐकला नव्हता असा भाव आला. आम्ही वेचणी होताच माल विकून मोकळे झालो होतो, आणि खूशही होतो. पण फाल्गुनात भाव आणखी चढला. ज्या शेजाऱ्याने आळसाने कापूस घरात ठेवला होता, त्याने बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि ते बैल मुद्दाम आमच्या दारावरून नेऊ लागला. त्या शेंब्या पाहिल्या की बाबांना घास गिळवेना. घाई केली, घाई केली, हाच त्यांचा जप. शेवटी त्यांनी ठरवलं की येत्या साली सगळ्या वावरात कापूस पेरायचा आणि होळी झाल्याशिवाय बोंडही विकायचं नाही.

विहिरीजवळ आईचा वांग्या-मेथीचा तुकडा होता. तोही नांगराखाली गेला. आईने विचारलं, "मंग खायचं काय?" बाबा म्हणाले, "कापूस इकू अन् भाजी घेऊ." त्यानंतर वर्षभर आईने माळणीकडून वांगी विकत घेतली, आणि एकेका वांग्यागणिक बाबांना ऐकवलं.

पाऊस नेमका मनासारखा झाला. एरवी पाऊस आमचं ऐकत नाही, त्याच साली ऐकला. पऱ्हाटी अशी फुटली की वेचायला बाया मिळेनात. वेचलेला कापूस आधी माळ्यावर गेला, मग माजघरात, मग स्वयंपाकघरात, आणि शेवटी मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कोंबला. आणि कापूस घरात आला तसा विस्तव घराबाहेर गेला. चूल अंगणात आली. संध्याकाळचा दिवा ओसरीच्या कडेला लागू लागला. देवांपुढे निरांजन लावायचं म्हणून देवच गोठ्यात नेले. आईने देव उचलले तेव्हा ती काही बोलली नाही. आई बोलत नसली की आम्ही सगळेच जपून वागायचो. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही.

ही सगळी गैरसोय मी हसून सोडून दिली असती. माणूस उघड्यावर झोपतो, त्यात काय. पण दिवाळीनंतर महिन्याभरात अकोल्याकडून निरोप आला की माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेत. अकोल्याच्या अलीकडच्या एका गावात तिला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात कुणी कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. आणि बाळंतिणीची जागा म्हणजे मधली खोली. तिला खिडकी नाही, वारा नाही, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली की ऊब कोंडून राहते. आता त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि शेगडी पेटवणं म्हणजे सगळं घर पेटवणं. आईने निरोप आला त्याच दिवशी सांगितलं, "मधली खोली खाली करा." बाबा म्हणाले, "सातवा लागू दे. तवापर्यंत भाव आला तं सगळंच खाली होते."

सातवा लागला. भाव बाबांच्या मनातला आला नाही. आमच्याकडे सातवा संपायच्या आत लेक आणावी लागते, आठव्यात प्रवास करत नाहीत. म्हणून संक्रांत होताच मी बंडी जुंपली. तिला आणायला जाणं हा भावाचा मान, असं म्हणतात. त्या वेळी मला तो मान नको होता. वाटेत कापसाच्या गाड्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. एकेक गाडी वाट अडवून उभी, गाडीवाले ओरडताहेत, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यांवर कापूस अडकलेला. मी तीन मुक्काम करून पोहोचलो तेव्हा मला कापसाच्या नुसत्या वासाने शिसारी येत होती.

बहिणीच्या सासरी ओसरीत पाय ठेवला आणि समोर पाहतो तर माजघर आढ्यापर्यंत पांढरं. तिची सासू चूल घेऊन अंगणात बसली होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मी चकित झालो. म्हणाली, "बरं झालं बापू, तुमी आले. न्या पोरीले. आमच्या इथी तं बाज टाकाले जागा नाई. तुमच्या इथी खोली मोकळी असन ना?" मी म्हणालो, "आमच्या इथीबी कापूसच हाये." ती हसली. म्हणाली, "बाप हाये, करन खाली. पोरीसाठी बाप काय करत नाई?" मी हातपाय धुतले. भाकरी खाल्ली आणि सकाळी निघालो.

वाटेत मी बहिणीला सगळं सांगितलं. देव गोठ्यात आहेत, चूल अंगणात आहे, मधली खोली भरलेली आहे. ती बंडीत गवताच्या गादीवर आडवी होती. म्हणाली, "मले पाहतीन तं बाबा एका दिवसात खाली करतीन. तू पायजो." बाबांची ती लाडकी होती हे खरं. लहानपणी बाजारातून तिच्यासाठी फुटाणे आले नाहीत असा बाजार आठवत नाही. तिचा विश्वास पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला उलट धाकधूक वाटायला लागली.

बाबांनी तिला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्याच दिवशी कुठून कुठून कवठं शोधून आणली, चिंच आणली, गूळ आणला. तिला ओसरीत निजायला लागू नये म्हणून गोठ्याचा एक कोपरा बांबूच्या तट्ट्याने बंदिस्त करून दिला, शेणाने सारवून घेतला, स्वतः उभं राहून. सगळं केलं. फक्त मधल्या खोलीचं दार उघडलं नाही. विचारलं की म्हणायचे, "उद्या." एकदा दलाल आला. बाबांनी त्याला ओसरीत बसवून पान दिलं. त्याने सांगितलेला भाव ऐकला आणि हसले. आदल्या सालच्या फाल्गुनातल्या भावाहून तो खाली होता. दलाल म्हणाला, "मालक, हवा बदलून रायली. लढाई थांबन म्हणतात." बाबा म्हणाले, "थांबू दे. मी नाई थांबलो होतो मागच्या साली, तं पाहा काय झालं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा बाबांशी मोठ्याने बोललो. म्हणालो, एक खोली, फक्त एक खोलीचा माल द्या, बाकीचा ठेवा जन्मभर. मी घरचा थोरला, लग्न झालेला, वावरातलं सगळं काम माझ्या अंगावर, आणि घरातला मूठभर कापूस हलवायची मला मुभा नव्हती. बाबा शांतपणे म्हणाले, "अर्धा माल इकला तं दलालाले कळते आपण घाबरलो. मंग बाकीच्याले भाव भेटत नाई." हे त्यांनी असं समजावून सांगितलं की जणू मी अडाणी आहे. मी हात टेकले. त्यांच्या हिशोबात चूक काढता येत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

होळीच्या दिवशी बाबा घराच्या सपाट छतावर, धाब्यावर, पाण्याचे घडे घेऊन बसले. गावची होळी पेटली तशी ठिणगी घराकडे येते का हे पाहत. पुरणपोळीसुद्धा त्यांनी वरच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, दुपार चढत असताना बहिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिने गोठ्यात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "इथी? ढोरांत?" मी तेवढ्यावर उठलो. माजघरातला कापूस तुडवत जाऊन मधल्या खोलीचं दार लाथेने उघडलं आणि कवेत मावेल तेवढा कापूस बाहेर अंगणात फेकायला लागलो. आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, तोही धावून आला. फाल्गुनातला वारा सुटलेला होता. अंगणात टाकलेला कापूस भिंतीवरून रस्त्यावर जाऊ लागला. गावची होळी अजून धुमसत होती म्हणून बाबा धाब्यावरच होते, ते उतरले. मला वाटलं ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे आलेच नाहीत. ते कापसामागे धावले. धोतराच्या ओच्यात कापूस गोळा करत ते अंगणभर, मग रस्त्यावर, मग शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत गेले. आत गोठ्यात त्यांची लेक ओरडत होती आणि बाहेर ते काट्यांतून कापूस वेचत होते. मी अर्धी खोलीही रिकामी केली नव्हती तेवढ्यात मुलगी झाली. मुलगी रडली, आणि मी फेकणं थांबवलं.

पण खरं व्हायचं ते त्यानंतर झालं. सुईणीने बाळंतिणीला शेक द्यायला शेगडीत निखारे फुलवले. गोठ्याच्या दारातच बसून ती सुपाने वारा घालत होती. बाबा ओचाभर कापूस घेऊन परत आले. वारा गोठ्याकडून घराकडे होता. त्यांनी शेगडी पाहिली, ओचा खाली टाकला, बैलांच्या पाण्याची बादली उचलली आणि शेगडीवर ओतली. "घर जाईन माहं," एवढंच म्हणाले. सुईण उठून उभी राहिली. आत बाजेवर बहीण होती. दार उघडंच होतं. तिने ते सगळं पाहिलं.

त्या संध्याकाळी माझी बायको शेजाऱ्याच्या चुलीत विटा तापवून, फडक्यात गुंडाळून आणत राहिली. चांदीच्या शेंब्यांवाल्या त्याच शेजाऱ्याच्या. त्याने त्या सालीही आळसाने माल विकला नव्हता, पण चूल मात्र घरात ठेवली होती. पुढे बाराव्या दिवशी मुलीचं नाव ठेवलं. तोवर बहीण बाबांशी नीट बोलत होती. बाबा नातीला मांडीवर घेत होते. मला वाटलं, निभावलं.

मग पाडवा आला. दाराशी गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर वाटला. बाबांची पद्धत अशी की त्या दिवशी घरच्या सगळ्यांना समोर बसवायचं, सरत्या सालात काय झालं ते बोलायचं, आणि येत्या सालात काय पाहिजे ते प्रत्येकाने सांगायचं. त्यांनी सरत्या सालाचा पाढा वाचला. पाऊस चांगला, पीक चांगलं, घरात नात आली, सगळे धड. ऐकणाऱ्याला वाटावं की यापेक्षा चांगलं साल झालंच नाही. मग म्हणाले, "मले येत्या साली भाव पायजे. अखाजीपर्यंत, महिन्याभरात येते, मी सांगतो." आई म्हणाली, "मले माहे देव घरात पायजेत." माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मी काही नको म्हणालो, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं.

बाबांनी बहिणीकडे पाहिलं. "अन् तुले वो माय?"

बहिणीने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. बाबांकडे न पाहता मला म्हणाली, "दादा, पुढच्या खेपेले मले न्याले येऊ नोको."

बाबांनी कडुलिंबाची वाटी बाजूला सारली. म्हणाले, "यंदा जागेचे वांधे झाले. पुढं मी खोली खालीच ठेवीन." बहिणीने मान हलवली, होकाराची की कसली ते कळलं नाही.

लढाई थांबली. कापसाचा भाव कसा पडला ते वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा माल पाऊस तोंडावर आला तेव्हा मिळेल त्या भावाने गेला आणि देव घरात आले. दोन वर्षांनी बहिणीला पुन्हा दिवस गेल्याचा निरोप आला. बाबांनी कुणी न सांगता मधली खोली रिकामी केली, पोतेरं फिरवलं, नवी बाज विणून घेतली, शेगडी घासून कोपऱ्यात ठेवली. मला म्हणाले, "जा, घेऊन ये." मी जाणार नाही म्हणालो. तेव्हा ते स्वतः गेले, त्या वयात, तीन मुक्कामांचा रस्ता. तिने त्यांचे पाय धुतले, पुरण घातलं, नातीला त्यांच्या मांडीवर बसवलं, आणि आली नाही. बंडी जशी गेली तशीच परत आली.

बैल सोडून बाबा ओसरीत येऊन बसले. पाणी प्यायले. मग मला विचारलं, "खोली तं खाली केली होती. मंग काऊन नाई आली रे?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते मला टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.