यशवंत धुमाळ इंजिनियर नव्हता

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या बालमित्राच्या, यशाच्या पुतण्याचा, अविनाशचा, मोबाइलवर निरोप आला. 'आमचे काका, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर यशवंत धुमाळ यांचे जर्मनीत वृद्धापकाळाने निधन झाले.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काका खरं, जर्मनी खरं, दुर्दैवाने निधनही खरं. इंजिनियर मात्र साफ खोटं. आणि ते खोटं अविनाशचं नाही, माझं आहे. साठ वर्षांपूर्वी हायडेलबर्गच्या एका खोलीत बसून मीच ते पत्रात लिहिलं होतं... शोक करायचा तो मी घरी केला. हा लेख ते खोटं खोडण्यासाठी लिहितो आहे. कोणाला राग आला तर त्याने मला फोन करावा, मी घरीच असतो.

यशा आणि मी खडकीच्या एका शाळेतले, एका बाकावरचे. तो शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर. त्याचे वडील, अण्णा, कारखान्यात फोरमन होते. नवे इंजिनियर अण्णांकडून काम शिकायचे आणि सहा महिन्यांनी त्यांनाच हुकूम सोडायचे. हे शल्य अण्णांच्या मनात इतकं खोल होतं की यशाने इंजिनियर व्हायचं हे त्याचं शाळेत नाव घालण्याआधीच ठरलं होतं. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी जमवाजमव करून त्याला जर्मनीला पाठवलं. कॉलेजच्या आधी कारखान्यात काही महिने हाताने काम करावं लागायचं, त्याला तिथे प्राक्टिकुम म्हणतात. ते त्याला आल्प्सच्या पायथ्याशी एका लहान गावात मिळालं. कारखान्यामागे बर्फाचं मैदान होतं, आणि कामगारांचा आइस हॉकीचा संघ. कँटीनमध्ये कोणी गंमत म्हणून सफरचंद फेकलं की यशाचा हात आधी पोचायचा. ते बघून लोकांनी त्याला बर्फावर ओढला. स्केट्स घालून त्याला उभंही राहता येत नव्हतं. "गोलकीपरला फार लांब जायचं नसतं," असं तो म्हणायचा, पण तेवढ्यासाठीही त्याने एक अख्खा हिवाळा आपटण्यात घालवला. दुसऱ्या हिवाळ्यात तो गोलात उभा राहिला. तिसऱ्यात कॉलेज सुटलं; घरी कळलं ते एवढंच, की नोकरी लागली.

त्या काळी तिथल्या खालच्या फळीतल्या खेळाडूंचा व्यवहार साधा होता. क्लब तुम्हाला गावात एखादी नोकरी लावून द्यायचा आणि राहायला खोली. करार एका हंगामाचा. एप्रिलमध्ये हस्तांदोलन करून मोकळे. पुढच्या हिवाळ्यासाठी दुसरं गाव शोधा. यशाने कुठे बिअरच्या कारखान्यात पिंपं धुतली, कुठे पोस्टाच्या गाडीवर पार्सलं चढवली, कुठे पोहण्याच्या तलावाची राखण केली. दहा-अकरा हिवाळ्यांत सात गावं. मी तोवर हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी आलो होतो. एके दिवशी मला अण्णांचं पत्र आलं. 'यशवंताच्या पत्रावर दरवर्षी नवं गाव असतं. त्याची नोकरी टिकत नाही काय? तू तिथे आहेस. जाऊन ये आणि खरं काय ते कळव.'

मी गेलो. रविवार होता, दुपारचा सामना, डोक्यावर छप्पर नाही आणि वरून बर्फ पडतंय. आइस हॉकीत चेंडू नसतो, रबराची जाड, कडक चकती असते. ती गोळीसारखी येते. तेव्हा गोलकीपर तोंडावर मुखवटाही घालत नसत. मधल्या डावात चकती यशाच्या भुवईवर बसली आणि बर्फावर रक्त सांडलं. खेळ थांबला. गावातल्या दातांच्या डॉक्टरने त्याला बाकावर बसवून टाके घातले, आणि दहा मिनिटांत हा पठ्ठ्या पट्टी बांधून परत गोलात! मी कठड्यावरून ओरडलो, "यशा, बस झालं!" तो तिथूनच ओरडला, "गप रे, खेळ बघ!" संघ नऊ गोलांनी हरला.

संध्याकाळी खानावळीत तो गरम सूप पीत होता. भुवई जांभळी, डोळा निम्मा मिटलेला.

"घरी चल," मी म्हणालो. "नऊ गोल खाल्लेस."

"आल्झो... म्हणजे, आत गेले ते मोजलेस. अडवले किती?"

"मोजले नाहीत."

"एक्केचाळीस. गेनाऊ, बरोब्बर एक्केचाळीस. मी प्रत्येक सामन्यात मोजतो." मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "विन्या, आयुष्यात ही एकच जागा आहे जिथे मला कोणी ढकललेलं नाही. मी माझ्या पायांनी तिथे उभा आहे."

हे ऐकूनही मी परत येऊन अण्णांना लिहिलं, की यशवंत मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे, कंपनी त्याला दरवर्षी नव्या गावी यंत्रं बसवायला पाठवते. अण्णांनी चाळीत पेढे वाटले. पुढच्या भेटीत मी हे यशाला सांगितलं, शाबासकीच्या अपेक्षेने. त्याने विचारलं, "मी काय चोऱ्या करतो?"

"अण्णांना त्रास नको म्हणून लिहिलं रे."

"अण्णांचं नाव नको सांगूस. लाज तुला वाटली."

खरं होतं. शाळेत ज्याची मी फुशारकी मारायचो, तो मित्र परदेशात पिंपं धुतो आणि नऊ-नऊ गोल खातो, हे मलाच सोसवत नव्हतं. यशाने स्वतः वडिलांना खरं कळवायचा प्रयत्न केला. गोलातल्या फोटोसकट वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं, सोबत स्पष्ट लिहिलं, की अण्णा, मी हेच करतो. अण्णांचं उत्तर आलं, 'कामाच्या व्यापातून खेळाला वेळ काढतोस हे वाचून आनंद झाला. प्रकृतीस जपावे.' माझं खोटं इतकं चोख बसलं होतं की खरं आत शिरायला फटच उरली नव्हती. साठचं दशक संपता संपता अण्णा गेले, इंजिनियरचे वडील म्हणून. त्याच सुमारास यशाचे गुडघेही संपले, आणि शेवटच्या गावातच तो बर्फाच्या मैदानाचा राखणदार म्हणून राहिला.

अविनाशला मी परवा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विनायककाका, आता कशाला हे उकरायचं? आयुष्य फुकट घालवलं म्हणतील लोक." म्हणोत की! आपल्याकडे हे वाक्य जिभेवर तयारच असतं. यशाने एकही चषक जिंकला नाही, कबूल. त्याचं नाव कुठल्या यादीत नाही, तेही कबूल. मी मात्र यादीतला माणूस आहे. नावामागे डॉक्टर लावून तीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात निळ्याच्या छटा तपासल्या, जिथे जायचं माझ्या कधी मनातही नव्हतं. भुवईला टाके घालून पुन्हा जाऊन उभं राहावं, असं माझ्या उभ्या आयुष्यात काय होतं? मला तसा एकही दिवस आठवत नाही. यशाला असे शेकडो रविवार मिळाले. फुकट कोणाचं गेलं, ते वाचकांनीच ठरवावं. मला माझं उत्तर माहीत आहे आणि ते लिहिताना आता लाज वाटत नाही.

काल, हा लेख जिथे छापायचा त्या पुरवणीच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. अविनाशने पाठवलेला टायमधला फोटो छापू नका, असं मी कळवलं होतं आणि माझ्या अल्बममधला एक पाठवला होता. त्यात यशा गोलासमोर उभा आहे, पायांना उशांएवढे पॅड, आणि तोंड भरून हसतोय.

"काका, फोटोखाली काय टाकू? ज्येष्ठ अभियंता?"

"गोलकीपर."

"बरं... आणि काका, यांचे पुढचे दोन दात नाहीयेत. आम्ही कॉम्प्युटरवर बसवून देऊ का? कळणारसुद्धा नाही."

"अजिबात नको," मी म्हणालो. "ते कुठे पडले, हेच तर सांगायचंय."