पावशीवाला जादूगार

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या एका शाळेत गणित शिकवते आणि रविवारी दुपारी राक्षस होते. राक्षस, चोर, धर्मशाळेचा कंजूस मालक, पडका किल्ला, वादळ, सगळं मीच. आमच्या खेळात एकाने असं अख्खं जग सांभाळायचं असतं आणि बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस होऊन हिंडायचं. त्या माणसाची ताकद किती, अक्कल किती, अंगात जीव किती, हे कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. वार लागला की चुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळणारे दोघंच होते. एक माझ्याच शाळेतली मैत्रीण, जिला नियमांचं जाड पुस्तक जवळपास पाठ आहे. दुसरा राइस मिलमधला मिस्त्री. तो दिवसभर मशीनचे पट्टे बदलतो आणि खेळात हटकून लोहार होतो.

माझा मोठा भाऊ आमच्यात नव्हता. तो आलापल्लीकडे वनरक्षक. मोहफुलं पडायच्या दिवसांत गस्तीवर असताना अस्वलाने त्याला धरलं. जीव वाचला, पण उजवा हात कोपराखाली लुळा पडला. चंद्रपूरच्या दवाखान्यात जायला सोयीचं म्हणून तो माझ्याकडे राहायला आला. येताना हात दुपट्ट्याखाली होता, तो तिथेच राहिला. मे महिन्यात, जेव्हा चंद्रपूरकडची माणसं अंगावरची बनियनही सहन करत नाहीत, तेव्हासुद्धा दादाच्या खांद्यावरून दुपट्टा खाली येत नव्हता. घरी येणारा प्रत्येक जण त्याला केळं सोलून द्यायचा आणि चहाचा कप अर्धाच भरायचा. मीही त्यांच्यातलीच. तो डाव्या हाताने सही शिकत होता आणि कागद सरकला की मी हातातलं काम टाकून कागद धरायला धावायची. तो काही बोलायचा नाही. पूर्वी घरात सगळ्यात जास्त बडबड त्याची असायची.

खेळ चालायचा त्याच खोलीत त्याची खाट होती, त्यामुळे ऐकणं त्याला चुकत नव्हतं. एका रविवारी तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "मलेही एक माणूस बनवून दे."

मला इतका आनंद झाला की मी फासे खाली पाडले. कोण व्हायचंय, विचारलं.

"जादूगार. पण मांगं उभा राहून मंतर फेकणारा नाई पायजे. समोर जाऊन भिडणारा पायजे. हातात तलवार. आन त्याले हात एकच ठेव."

जादूगार म्हणजे आमच्या खेळातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. जीव चिमूटभर, अंगावर चिलखत नाही. तो लोहाराच्या आडोशाला उभा राहतो आणि लांबून आग फेकतो. त्याला पुढे पाठवणं म्हणजे काचेची बरणी नारळ फोडायला घेणं. शिवाय मैत्रिणीने पुस्तकात बोट ठेवलं. "मंत्र टाकायला एक हात मोकळा लागतो, भाऊ. एका हातात तलवार धरली तर दुसरा मोकळा पाहिजे. हात एकच असला तर तलवार तरी, नाही तर मंत्र तरी."

"तो नियम आपण सोडून देऊ," मी घाईघाईने म्हटलं. दादा माझ्याकडे बघत राहिला.

दोन रविवार तो खेळला. माझे फासे मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड टाकायची. राक्षसांचे आकडे दिसू नयेत म्हणून तशी पद्धतच असते. त्याच्या जादूगारावर एकही वार लागला नाही. चोर चुकले, लांडगे चुकले, विषारी बाणही चुकला. मला वाटत होतं, चांगलं चाललंय.

तिसऱ्या रविवारी मी "सहा, चुकला" म्हणाले आणि दादा उठला.

"तुह्या मांगं कपाटाचा आरसा हाय," तो म्हणाला. "अठरा पडले. मांगच्या वेळी सतरा पडले होते. काऊन खोटं बोलून राह्यली वं? इथीही केळंच सोलून द्याचं होतं तर बोलावलं कायले?"

तो चपला घालून बाहेर गेला. मैत्रीण पुस्तकाची पानं उलटत बसली आणि मिस्त्री लगेच घरी निघाला. मला स्वतःचाच राग आला. वर्गात उत्तर पाहून आकडेमोड करणाऱ्या पोरांचे मी कान उपटते, आणि माझ्याच घरात मी आकडे खोटे लिहीत होते, तेही अशा माणसासाठी, ज्याला ती एकच गोष्ट नको होती. पुढचे दोन रविवार खेळाच्या वेळी तो बसस्टँडवर जाऊन बसला. आणखी एकदा मी असं केलं तर तो पुन्हा या टेबलाशी येणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग एका संध्याकाळी शाळेतून आले तर दादा स्वयंपाकघरात खाली पावशी घेऊन बसला होता. पावशी म्हणजे बाकी महाराष्ट्र जिला विळी म्हणतो ती. पाटावर पाय ठेवून त्याने ती दाबून धरली होती आणि डाव्या हाताने एकेक वांगं पात्यावर रेटत होता. फोडी लहानमोठ्या होत होत्या, पण होत होत्या. मी पिशवी ठेवून मदतीला वाकले, तर त्याने मान न उचलता सांगितलं, "तिथीच राह्य."

मी तिथेच राहिले.

"चाकू असता तर दोन हात लागले असते," तो म्हणाला. "एक वांगं धराले, एक चाकू चालवाले. पावशी जागची हालत नाई. वांगं तिच्यापाशी येते." आणखी एक वांगं चिरून झाल्यावर म्हणाला, "तो नियम चालू कर. त्याचा हात एकच राहीन आन नियमही राहीन."

रविवारी आम्ही त्याचा जादूगार मुळापासून बनवला. पातं हातात धरायचंच नाही, लुळ्या हाताला बांधायचं. चांगला हात मोकळाच राहतो, म्हणजे मंत्राचा नियम मोडत नाही. वार करायला त्या हातात जोर नाही, तर मंत्र घ्यायचा शत्रूला आपल्याकडे ओढणारा. शत्रू ओढला जातो आणि पात्यावर येऊन पडतो. मैत्रिणीने पुस्तक पुढून मागून तपासलं आणि याला कुठेच मनाई नाही असा निकाल दिला. मग ती रंगात आली. "ताकद लागतच नाही की मग! तिथले सगळे गुण काढा. अर्धे अकलेत, अर्धे कणखरपणात. दुसरा मंत्र ढालीचा घ्या, भाऊ, तुम्ही फार जवळ उभे राहणार."

"पातं बांधाचं कसं पण?" मिस्त्रीने विचारलं. लोहार तोच होता, बनवायचं त्यालाच होतं. "कोपराले धरून बांधू का मनगटाले? किती लांब पायजे?"

दादाने दुपट्टा काढून खाटेवर टाकला. डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलावर फाशांच्या मधोमध ठेवला. "मोज," म्हणाला.

हात वाळला होता. जखमांचे वळ कोपरापासून मनगटापर्यंत उतरले होते आणि त्यांच्यातली कातडी गुळगुळीत, गुलाबी दिसत होती. इतक्या महिन्यांत मी तो उजेडात पाहिलाच नव्हता. मिस्त्रीने खिशातून टेप काढला, मशीनचा शाफ्ट मोजावा तसा तो हात फिरवून मोजला आणि म्हणाला, "साडेनऊ इंच. दोन पट्टे लागन, भाऊ. एका पट्ट्यानं फिरन." मला रडू आलं, आणि मिस्त्रीचा थोडा हेवाही वाटला. पाण्याच्या निमित्ताने मी आत गेले आणि परत आले तेव्हा ते तिघं पट्ट्याच्या बकलावरून भांडत होते.

पुठ्ठा मी फेकून दिला. त्या दिवसापासून फासे सगळ्यांसमोर, स्टीलच्या ताटात पडायला लागले.

जादूगाराने पुढचे काही रविवार गाजवले. चोरांच्या टोळीत शिरून त्याने सरदाराला ओढून पात्यावर घेतलं तेव्हा मिस्त्री खुर्चीवर उभा राहिला. दादाची बडबड परत यायला लागली. एकदा मध्येच त्याने विचारलं, "तुह्या एवढ्या मोठ्या जंगलात अस्वल नाई काऊन?"

अस्वलं मी खरंच काढून टाकली होती आणि त्यांच्या जागी मोठाल्या घोरपडी घातल्या होत्या.

"टाक अस्वल," तो म्हणाला. "माह्यं त्याच्याशी काई भांडण नाई. मोह त्याचाही होय."

शेवटी पुलावरचा राक्षस आला. मिस्त्रीचा लोहार जखमी होऊन मागे पडला होता, मैत्रिणीचे बाण संपले होते. दादाचा जादूगार एकटा पुढे गेला. ओढीचा मंत्र लागला, राक्षस पात्यावर आला, तरी मेला नाही. जादूगारात चार जीव उरले होते आणि ढालीचा मंत्र आधीच खर्च झाला होता. वार करायची पाळी माझी होती. फासा ताटात दोनदा उडाला आणि थांबला. एकोणीस.

पळवाट होती. राक्षसाला ऐन वेळी लोहाराकडे वळवलं असतं तर नियमात बसलं असतं आणि कुणी हरकतही घेतली नसती. मान वर केली तर दादा ताटाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"लागला," मी म्हटलं. "तेरा जीवांचा वार. तो मेला, दादा."

दादाने मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत मागे रेलला. "चांगला मेला," तो म्हणाला. "पुलावर मेला. आण दुसरा कागद."

मी कोरा कागद दिला. त्याने डाव्या हातात पेन्सिल घेतली, कागद सरकला आणि सवयीने माझा हात पुढे गेला. त्याआधीच त्याने उजवा हात उचलून कागदावर ठेवला होता. कागद जागचा हलला नाही. माझा हात मी मांडीवर परत घेतला.

"याला हात किती, भाऊ?" मैत्रिणीने विचारलं.

"दीड," दादा लिहिता लिहिता म्हणाला.

"नियमात दीड नाहीये."

"मंग पाह्य ना पुस्तकात," तो म्हणाला, आणि तिने पुस्तक उघडलं.