पुढच्या एक्सलची पाचर

गॅरेजात येणारे सगळे तिला वहिनी म्हणत. एका गाडीखाली नवऱ्याची कंबर कायमची गेली, तेव्हापासून पाने तिच्या हातात आले आणि नवरा दारातल्या खुर्चीवर. हात तिचे, डोकं त्याचं, असं रेटून चाललं होतं. दिवस कलला की तिचे खांदे भरून यायचे आणि सांगून सांगून त्याचा घसा बसायचा.

डोंगरातल्या खाणीवर पाणी पोचवणाऱ्याने ट्रक उंच करून मागितला होता, खडकातून निघावा म्हणून. पुढच्या एक्सलवर स्प्रिंगचे जाड पाटे वहिनीनेच चढवले, मध्ये पाचरी घालून. पण ट्रक सरळ चालेना. वळण संपलं तरी स्टिअरिंग जागेवर येत नव्हतं; ट्रक मोकाट गुरासारखा रस्ताभर हिंडायचा. एकदा पाचर जाड करून दिली, तरी पाणीवाला परत आला, पण चिडलाही नाही. "हात गळून जातात हो, वहिनी," एवढंच म्हणाला आणि किल्ली ठेवून गेला.

"एक्सलचा माथा मागे कलायला हवा, मगच स्टिअरिंग सरळ येतं," नवरा म्हणाला. "पाचर अजून जाड घाल."

"घातलीय. तुम्ही सांगितली तेवढी."

"मग बोल्ट ढिले राहिले असतील."

तिने जॅक लावला, चासीखाली टेकूच्या घोड्या सरकवल्या आणि ती ट्रकखाली शिरली. थोडा वेळ नुसतीच पडून राहिली. तिथे सावली होती, आणि कोणी काही सांगत नव्हतं.

मग बॅटरी मारून पाहिलं. वर पाटा, खाली एक्सल, मध्ये लोखंडी पाचर. पाचरीची जाड बाजू पुढे. म्हणजे एक्सलचा माथा मागे कलायचा तो पुढेच झुकला होता, आणि पाचर जाड केली तसा रोग वाढला होता. जाड बाजू पुढे, हे त्यानेच सांगितलं होतं. तिने डोळे झाकून ऐकलं होतं.

पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडून तिने दोन्ही बाजूंच्या पाचरी फिरवल्या, जाड बाजू मागे केली, आणि बोल्ट पुन्हा आवळले. ट्रक आता इतका उंच होता की नवऱ्याला चढणं जमलं नसतं. ती एकटीच चक्कर मारून आली. वळणावर हात सैल सोडले, तर स्टिअरिंग आपसूक सरळ झालं.

"काय निघालं?"

"पाचर उलटी बसली होती."

"आपल्या जुन्या जीपला एक्सल पाट्याच्या वर असायचा. तिथे जाड बाजू पुढेच लागते. तेच डोक्यात राहिलं बघ."

"असू दे."

"इथे बसून दिसत नाही गं मला."

"मग मला विचारत जा ना," ती हात पुसत म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेवढं त्राणच नव्हतं.

पाणीवाला ट्रक घेऊन गेला तो तक्रार घेऊन परतला नाही. खुर्चीवरून आता आधी "काय दिसतंय?" असं यायचं, मग सल्ला. खांदे मात्र रोजच्यासारखेच भरून यायचे.