खालच्या कोपऱ्यातला स्क्रू

आधीच सांगून टाकतो — आम्ही बौद्ध. भूतखेत, नवस, अंगात येणं आमच्या घरात चालत नाही. आत्मासुद्धा आम्ही मानत नाही. "सर, आमच्या वाडीत चकवा लागतो" म्हणणाऱ्या पोरांना मी भर वर्गात झापलंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

मी बोर्ली पंचतनला राहतो. रिटायर्ड शिक्षक. आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. बायको, सुमन, मागच्या वर्षी वारली. मुलगी पनवेलला. घरात मी आणि माझा गिटारचा स्पीकर बॉक्स — वजनाला नुसता रेडा. पार्टीची मंडळी सोडली तर माझ्याशी बोलायला कुणी नाही. फ्रीज घुरघुरतो, तेवढंच.

तर दिघीच्या कार्यक्रमात हा बॉक्स झणझणायला लागला. जाड तार छेडली की आतून — झंर्र्र! आमचा गायक दिलीप नंतर म्हणाला, "सर, बॉक्समदी भुंगा पाळलाय का? पब्लिक हसत व्हती. पुढच्या टायमाला ऱ्हाऊ द्या. कीबोर्डवर गिटारचा आवाज निघतोच की."

गोड बोलून घरी बसवायचीच भाषा होती ती. पार्टी सुटली तर मी बोलणार कुणाशी, या विचाराने माझी झोप उडाली.

आता, झणझण शोधणं हे एकट्याचं काम नव्हे. एकाने तार छेडायची, दुसऱ्याने बॉक्सवर हात फिरवत एकेक जागा दाबायची. जिथे दाबल्यावर आवाज बंद, तिथे दुखणं. आमच्याकडे हे काम सुमनचं. गुडघे दुखायचे म्हणून बॉक्सच्या मागे पाटावर बसायची. मला दिसायचीही नाही. "वाजवा हो... परत वाजवा... जेवला न्हाय का आज?" जागा सापडली की तोंडाने सांगायची नाही, दोनदा दाबून सोडायची. बंद, चालू. बंद, चालू. मग मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उठायचं.

एकट्याने काय करणार? तार छेडून धावत मागे जायचो, तोवर आवाज विझलेला. साठी उलटलेला माणूस हॉलमध्ये पकडापकडी खेळतोय, असला प्रकार! मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, मोबाईल बॉक्सला जोडून एकच सूर लावून ठेवा ना." लावला. मोबाईलच्या सुराला बॉक्स एकदम गरीब गाय. तार छेडली की पुन्हा झंर्र्र. पुढची जाळी, हँडल, चाकं, वायर... सगळं तपासलं. शोकेसमधल्या कपबशासुद्धा खाली काढून ठेवल्या.

दुपारची वेळ. बाहेर लख्ख ऊन. वैतागून खुर्चीत बसलो आणि रागाने जाड तार छेडली. झंर्र्र... आणि बंद. सूर चालू, झणझण बंद. पुन्हा झंर्र्र. पुन्हा बंद.

दोनदा.

माझ्या तोंडून निघून गेलं — "सापडलं?"

मग भानावर आलो, आणि अंगावर सर्रकन काटा आला. उठून मागे गेलो. कुणी नाही. भिंत, आणि भिंतीला टेकवलेला तिचा पाट. काय वाटलं कुणास ठाऊक, पाट मांडून तिच्यासारखा खाली बसलो आणि हात पुढे केला. हात पोचला तिथेच, खालच्या कोपऱ्यात, मागच्या फळीचा स्क्रू ढिला होता. उभ्याने वाकून शोधताना तो कधी हाताला लागलाच नव्हता.

व्होल्टेज कमीजास्त झालं म्हणावं, तर सूर तसाच होता. दिघी बंदराकडे जाणारा ट्रेलर जवळून गेला म्हणावं, तर खिडकीतून रस्ता रिकामा दिसत होता. मनाचे खेळ म्हणाल, तर म्हणा... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

स्क्रू घट्ट पिळला. पुढच्या कार्यक्रमात बॉक्स खणखणीत वाजला. दिलीप म्हणाला, "सर, भुंगा कुठं गेला?"

"उडाला," मी म्हटलं.

पार्टी सुटली नाही. पण घरी आलो, बॉक्स जागेवर ठेवला, तार छेडली, तर स्वच्छ सूर. इतका स्वच्छ की घर आणखीनच रिकामं वाटलं. गिटार मांडीवर तशीच ठेवून खूप रडलो.

आत्मा मी अजूनही मानत नाही. पण कार्यक्रमाला निघताना तो स्क्रू कसतो आणि घरी आलो की अर्धा फेरा ढिला करतो. बॉक्सच्या मागे पाट मांडून ठेवतो. मग खुर्चीत बसून जाड तार छेडतो. बहुतेक वेळा नुसती झणझणच होते.

परत वाजवतो.