शिळं पाणी
नळाच्या पाण्याला जंतुनाशक पावडरीचा उग्र वास आला की ती सकाळ आठवते. लग्नाआधी लेकीने लोणच्याच्या काचेच्या बरणीत मनीप्लांट लावलं होतं, आत नगरहून आणलेला छोटा मासा. "आई, पाणी एक दिवस ठेवून मगच घाल, ताज्या पाण्यातल्या पावडरीनं मासा मरतो," असं बजावून ती सासरी गेली. ती पहिल्यांदा माहेरी येणार म्हणून मी हौसेने बरणी घासून नळाचं ताजं पाणी भरलं. ती आली तेव्हा मासा मरून वर तरंगत होता. ती हुंदके देऊन रडली. "अगं, एवढ्याशा माशासाठी?" मी म्हणाले. "माशासाठी न्हाई गं, आई." बाहेर जावई बसले होते. पुढं विचारायचा मला धीर झाला नाही. मी चहा ठेवायला गेले. आता मुळांनी बरणी भरली आहे, पाणी मी शिळं करूनच घालते. लेक फोनवर "बरी हाय" म्हणते. माझ्यापुढं ती परत कधी रडली नाही.